राजाने मारले तर

‘पावसाने झोडपले आणि राजाने मारले, तर तक्रार कुणाकडे करायची?’ ही म्हण आपल्याकडे बहुधा सुस्कारा सोडून म्हटली जाते. प्रश्न विचारलेला असतो, पण उत्तराची अपेक्षा नसते. मला मात्र हल्ली तिच्यातली जोडी खटकू लागली आहे. पावसाला हेतू नसतो. कुणाचे घर पाडायचे ते ठरवून तो येत नाही. राजाला हेतू असतो, हुकूम असतो, हुकूम बजावणारे हात असतात. तरी म्हणीने दोघांना एका वाक्यात शेजारी बसवले आहे. ज्याच्या पाठीवर घाव पडतो त्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. दाद लागणारच नसेल तर मार कुणाचा, याची चौकशी कशाला? पण एवढे मान्य केले की राजाचे काम फार सोपे होते. पावसाचा निरपराधीपणा त्याला फुकटात मिळतो.

भाषाही त्याला हातभार लावते. पाऊस झाला, गारपीट झाली, लाठीमार झाला, गोळीबार झाला. मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी कुठलेही मराठी वर्तमानपत्र उघडावे: जमाव पांगवण्यासाठी सौम्य लाठीमार करण्यात आला. या वाक्यात लाठी आहे, जमाव आहे, लाठीचा सौम्यपणासुद्धा आहे. लाठी धरणारा तेवढा नाही. ‘सौम्य’ हे विशेषण कुणाच्या पाठीवर मोजून ठरवले, तेही कळत नाही. आणि समोर माणसे नाहीतच, आहे तो जमाव. पाण्यासारखा तो साचतो, वाढतो आणि मग पांगवावा लागतो.

मेक्सिकोतल्या आतेंको प्रकरणाचा निकाल वाचताना मला हे व्याकरण सारखे आठवत राहिले. इंटर-अमेरिकन मानवी हक्क न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2018 रोजी तो दिला. हे न्यायालय कोस्टा रिकाच्या सान होसे शहरात बसते, अमेरिका खंडातल्या ज्या देशांनी त्याचा अधिकार मान्य केला आहे त्यांच्यावरच्या फिर्यादी ऐकते, आणि त्याच्यापुढे आरोपी म्हणून कुणी माणूस उभा राहत नाही, राज्यसंस्था उभी राहते. म्हणजे राजाविरुद्धची तक्रार ऐकण्यासाठीच ते आहे. मला स्पॅनिश येत नाही. मी निकाल इंग्रजीतून वाचला. भाषांतराची धूळ वर असूनही त्यातली एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. कोण, कुठे, कुणी, कसे, असे करत न्यायालय एकेका बाईपाशी थांबते. अकरा जणी आहेत. अकरा वेळा थांबते.

आतेंको हे मेक्सिको सिटीच्या ईशान्येला, जुन्या तेस्कोको सरोवराच्या काठचे शेतकऱ्यांचे गाव. 22 ऑक्टोबर 2001 रोजी राष्ट्राध्यक्ष विसेंते फॉक्स यांच्या सरकारने राजधानीच्या नव्या विमानतळासाठी या भागातली जमीन ताब्यात घेण्याचे फर्मान काढले. कोरडवाहू जमिनीला देऊ केलेला भाव चौरस मीटरला 7 पेसोंच्या आसपास होता. गावकऱ्यांनी आघाडी बांधली, ऊस-झाडोरा तोडायचे कोयते हातात धरून राजधानीत मोर्चे काढले, आणि ऑगस्ट 2002 मध्ये सरकारला फर्मान मागे घ्यावे लागले. राजाला माघार घ्यायला लावणारे गाव राजाच्या लक्षात राहते, एवढे सांगून पुढे जातो.

3 मे 2006. जवळच्या तेस्कोको शहरात बाजाराबाहेर फुले विकणाऱ्यांना पोलिसांनी हटवले. तिकडे तो सणाचा दिवस, फुलांच्या विक्रीचा दिवस. आतेंकोची आघाडी फुलवाल्यांच्या मदतीला आली, संघर्ष पेटला, गावकऱ्यांनी महामार्ग अडवला. त्या धुमश्चक्रीत चौदा वर्षांचा एक मुलगा गोळी लागून मेला. काही पोलिसांना आंदोलकांनी पकडून ठेवले, मारलेही. जमिनीवर पडलेल्या एका पोलिसाला लाथा घालतानाची दृश्ये दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दाखवली गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे राज्याच्या आणि संघराज्याच्या पोलिसांचा मोठा फौजफाटा गावात शिरला. अश्रुधुराचे नळकांडे डोक्याला लागून एक वीस वर्षांचा विद्यार्थी जबर जखमी झाला आणि पुढच्या महिन्यात वारला. दोन दिवसांत दोनशेहून अधिक लोक पकडले गेले. त्यात बायका होत्या, आणि ज्या वाहनांतून त्यांना तुरुंगात नेले त्या वाहनांत, तासन्‌तास चाललेल्या त्या प्रवासात, त्यांच्यावर पोलिसांनी लैंगिक अत्याचार केले. सव्वीस जणींनी मेक्सिकोच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला तसे सांगितले. आंतरराष्ट्रीय पायरीपर्यंत अकरा जणी टिकल्या. त्यांत कुणी विद्यार्थिनी होती, कुणी जखमींना औषधोपचार करायला आलेली, कुणी वार्तांकनाला आलेली, आणि कुणी तर फक्त आपल्या कामासाठी त्या दिवशी बाजारात गेलेली.

यापुढचा भाग मला अत्याचारांइतकाच महत्त्वाचा वाटतो. तुरुंगात पोचल्यावर त्यांनी डॉक्टरांना सांगितले, तर डॉक्टरांनी नीट तपासायचे, नोंदवायचे टाळले. तक्रार घ्यायला आलेल्यांनी ती धड घेतली नाही. आणि राज्यातल्या सर्वांत वरच्या लोकांनी जाहीरपणे सांगितले की पकडले गेल्यावर बलात्काराचा आरोप करायचा, ही जहाल गटांची ठरलेली चालच असते. तपास झाला तोही छळाचा झाला नाही. अधिकाराच्या गैरवापराचा, अश्लील वर्तनाचा, अशा किरकोळ कलमांखाली झाला. बायकांवर मात्र खटले झाले. काही जणी वर्षभराहून अधिक काळ तुरुंगात होत्या.

नाझींच्या छळातून वाचलेला लेखक झ्याँ आमेरी याने लिहून ठेवले आहे की पोलिसाच्या पहिल्या फटक्याबरोबर माणसाचा जगावरचा विश्वास जातो. फटका किती लागला याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. माणूस जन्मभर गृहीत धरून चालतो की आपल्याला इजा झाली तर कुणीतरी मदतीला येईल; ते गृहीतकच त्या क्षणी मोडते. कारण मदतीला यायचे तेच मारत असतात. आपल्या भाषेत, कुंपणच शेत खात असते. आतेंकोच्या बायकांच्या बाबतीत पहिल्या फटक्यानंतर डॉक्टर आला, सरकारी वकील आला, शेवटी थेट सरकार बोलले, आणि प्रत्येकाने त्याच ठिकाणी आणखी एक फटका मारला. तू सांगतेस ते घडलेच नाही, असे म्हणणे हा आधीच्या माराचाच पुढचा भाग असतो. न्यायालयानेही हे वेगळे काढून पाहिले आहे. सर्वोच्च अधिकाऱ्यांची पहिली जाहीर प्रतिक्रिया तक्रारदार बायकांच्या सचोटीवर शंका घेण्याची असावी, हे त्याने अजिबात मान्य होण्यासारखे नाही असे ठरवले. अत्याचारांबद्दल तर ते आणखी पुढे गेले. पोलिसांनी या बायकांची शरीरे आंदोलनाला दहशतीचा निरोप धाडण्याचे साधन म्हणून वापरली, हा छळ आहे आणि दडपशाहीचा भाग आहे, असे त्याने लिहिले. गोंधळात काही शिपायांचा तोल गेला, अशी पावसाची भाषा तिथे चालली नाही. बळ का वापरले, किती वापरले, दुसरा उपाय का नव्हता, हे सिद्ध करायची जबाबदारी राज्यावर टाकली, आणि ते राज्याला जमले नाही असा निष्कर्ष काढला.

ज्युडिथ श्क्लार या राजकीय विचारवंत बाईंचे 1990 मध्ये अन्यायावर एक छोटे पुस्तक आले. दुर्दैव कुठे संपते आणि अन्याय कुठे सुरू होतो, असा त्यांचा प्रश्न आहे. ही रेषा निसर्गाने आखून दिलेली नसते. भूकंप हे दुर्दैव. पण इमारत कच्ची बांधायला परवानगी कुणी दिली असे विचारले की अन्यायाचे क्षेत्र सुरू होते. ज्याच्या हातात काहीतरी करणे होते त्याला ते दुर्दैव वाटते, सोसणाऱ्याला अन्याय. म्हणून श्क्लार आग्रह धरतात की सोसणाऱ्याचे म्हणणे आधी ऐका. तेच शेवटचे सत्य असते म्हणून नव्हे. ते ऐकल्यावाचून रेषा आखायला बसलात तर ती दर वेळी एकाच बाजूला सरकते म्हणून. आपल्या म्हणीवर मी रागावतो तो याच कारणाने. तिने राजाला दुर्दैवाच्या खात्यात टाकले आहे. आतेंकोच्या निकालाने, माझ्या समजुतीप्रमाणे, तो त्या खात्यातून बाहेर काढला.

पण न्यायालयाकडे फौज नाही, तुरुंग नाहीत. निकाल पाळायचा की नाही ते अखेर मेक्सिकोनेच ठरवायचे. मग त्या अकरा जणींनी 2008 पासून आधी वॉशिंग्टनमधल्या आंतर-अमेरिकी आयोगाकडे आणि नंतर सान होसेला एवढी वर्षे का घालवली? मध्ये सरकारने मैत्रीपूर्ण तडजोडीचा प्रस्ताव दिला होता. तो त्यांनी नाकारला. खटल्यात मेक्सिकोने काही अंशी जबाबदारीही कबूल केली. तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. व्यवहारी माणूस म्हणेल, हातात पडते ते घ्यावे. मी या प्रश्नाशी बरेच दिवस अडखळलो. भरपाई म्हणजे काय? पूर येऊन गेल्यावर तलाठी पंचनामा करतो आणि नुकसानीपोटी रक्कम मिळते. तीही भरपाईच. ती देताना सरकार ‘आम्ही पूर आणला’ असे म्हणत नाही. तडजोडीतला पैसा असाच असतो: काय झाले ते सोडून द्या, झाल्याबद्दल हे घ्या. तो घेतला असता तर त्यांच्या बाबतीत जे झाले ते कायमचे पावसाच्या रकान्यात गेले असते. त्यांना पंचनामा नको होता, निवाडा हवा होता. ज्यांना सरकारने जगासमोर खोटारड्या म्हटले त्यांच्यासाठी ‘हे घडले, आणि तुम्ही केले’ हे वाक्य कुणाच्या तरी अधिकृत लेखणीतून उमटणे, ही चैन नव्हती. त्या निकालाचे नावही असे आहे की त्यात काही लपत नाही: आतेंकोतील लैंगिक छळाला बळी पडलेल्या स्त्रिया विरुद्ध मेक्सिको.

खोटारडी हा शब्द आला की महाराष्ट्रातल्या वाचकाला दुसरे एक शीर्षक आठवायला हवे: तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. त्यात बाई कुठेच नाही. शिपाई आहे आणि राज्य आहे. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचे ते प्रकरण. सत्र न्यायालयाने तिला धडधडीत खोटे बोलणारी ठरवले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तिच्यावर विश्वास ठेवला, आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती, असा एकूण सूर. तिथे आंदोलन नव्हते, म्हणून तुलना फार ताणत नाही. पण तिच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या वर पायरी नव्हती. जे झाले ते बाहेरून झाले. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघा कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संमती नव्हती हे बाईचे म्हणणे न्यायालयाने आधी मानायचे, असे ठरले. ती मुलगी मात्र त्या बदललेल्या कायद्याच्या अलीकडेच राहिली.

ही वरची पायरी आपल्याकडे आजही नाही. युरोपाला असे न्यायालय आहे, अमेरिका खंडांना आहे, आफ्रिकेला आहे, आशियाला नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, पण तो अजून अनुसमर्थित केलेला नाही. परक्या न्यायाधीशांनी आमच्या पोलिसांचा न्याय का करावा, हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. सान होसेतल्या न्यायाधीशांना जनता थेट निवडून देत नाही, आणि सार्वभौमत्व हा वसाहतीतून सुटलेल्या देशांना स्वस्त शब्द नाही. एवढेच विचारावेसे वाटते की घराची अब्रू घरात राहावी, हा युक्तिवाद घरात मार खाणाऱ्याच्या तोंडून आपण सहसा का ऐकत नाही?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. त्या पडलेल्या पोलिसाचे काय? त्यालाही कुणी पोटाशी धरले नव्हते. त्याला मारणाऱ्यांबद्दल हळहळ वाटत नाही, असे मी स्पष्टच म्हणतो. पडलेल्या माणसाला लाथ घालणारा आंदोलक माझा कुणी लागत नाही. पण त्या लाथांचे दृश्य दुसऱ्या दिवशीच्या कारवाईची किल्ली म्हणून वापरले गेले. लाथ घालणारा कोण, हे शोधून त्याच्यावर खटला भरणे एक, आणि त्या लाथेची किंमत गावातल्या कुठल्याही बाईच्या अंगातून वसूल करणे दुसरे. दुसरे करायचे तर आधी सगळ्यांचा मिळून एक जमाव करावा लागतो, म्हणजे एकाची लाथ सगळ्यांच्या पायांना चिकटते. तरीही लाथ घालणाऱ्यासाठी दंडविधान होतेच, आणि ते कडकपणे वापरलेही गेले. आघाडीचे नेते इग्नासिओ देल बाये यांना मिळून 112 वर्षांच्या शिक्षा झाल्या होत्या. 2010 मध्ये मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. राजा मारतो तेव्हा मात्र तक्रार घ्यायची चौकीसुद्धा राजाचीच असते. दोन्ही गुन्हे वाईट म्हणून सारखे, असे म्हणणारा ही चौकी विसरतो.

जमावाचे चेहरे कसे परत मिळतात, याचा एक नमुना याच कथेत आहे. आतेंकोच्या वेळी त्या राज्याचे राज्यपाल होते एन्रिके पेन्या निएतो. 11 मे 2012 रोजी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून ते मेक्सिको सिटीतल्या इबेरोअमेरिकाना विद्यापीठात गेले. विद्यार्थ्यांनी आतेंकोबद्दल विचारले. व्यवस्था आणि शांतता परत आणण्यासाठी केलेली ती कारवाई होती आणि तिची जबाबदारी मी व्यक्तिशः घेतो, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. गोंधळ झाला. मग त्यांच्या बाजूच्या लोकांनी सांगितले की हे विद्यार्थी नव्हतेच, कुणीतरी धाडलेले लोक होते. तेव्हा 131 विद्यार्थ्यांनी आपापली ओळखपत्रे कॅमेऱ्यासमोर धरून एकेकाने नाव सांगितले. ‘मी 132वा’ हे आंदोलन त्यातून जन्मले. निवडणूक पेन्या निएतोच जिंकले.

त्यांच्या त्या उत्तरातला ‘मी’ मला विसरता येत नाही. या सगळ्या प्रकरणात कर्त्याने स्वतःहून वाक्यात पाऊल टाकण्याची ती एकच वेळ. कारवाई माझी, कारवाईत जे झाले ते मात्र झाले. 2009 मध्ये मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयानेही चौकशीअंती हेच दोन भाग केले होते: हक्कांचे गंभीर उल्लंघन झाले, वरचे अधिकारी त्याला जबाबदार नाहीत. आणि इथेच सान होसेच्या निकालाबद्दल माझे समाधान अपुरे राहते. त्याने पावसाचा राजा केला, पण तिथे राजा म्हणजे ‘मेक्सिको’. मेक्सिकोला हात नसतात. त्याला तुरुंगात टाकता येत नाही, आणि भरपाईचा पैसा त्या बायकांच्याही करातूनच येतो. हुकमाची साखळी वरपर्यंत तपासा, असा आदेश न्यायालयाने दिला, कारण त्याहून पुढे जाण्याचा अधिकार त्याला नाही. निकालावर तारीख पडली तेव्हा पेन्या निएतो यांच्या राष्ट्राध्यक्षपदाचे तीन दिवस उरले होते. या प्रकरणात त्यांच्यावर खटला उभा राहिलेला नाही. जाता जाता: निकालाच्या महिनाभर आधी, ऑक्टोबर 2018 मध्ये, त्याच सरोवराच्या तळावर नव्याने बांधायला घेतलेला विमानतळ लोकांचा कौल घेऊन रद्द करण्याचे ठरले होते. सतरा वर्षांपूर्वीच्या फर्मानाचाच तो दुसरा अवतार.

त्या 3 मेला मेलेला चौदा वर्षांचा मुलगा आणि नंतर वारलेला वीस वर्षांचा विद्यार्थी या निकालात फिर्यादी नाहीत. खटला अकरा जणींचा होता, त्यामुळे त्या दोघांच्या मृत्यूंचा निवाडा त्यात होणे शक्यच नव्हते. मी निकाल वाचून संपवला तेव्हा त्या दोघांसाठी माझ्याजवळ जे वाक्य उरले ते अजून जुन्याच व्याकरणातले होते: गोळी लागली, नळकांडे लागले.